माजघरातला फोन गोठ्यात कसा वाजेल?



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, हुमणी आणि दुभत्या जनावरांचा खुराक यांविषयी बोलतो. या खेपेला विषय जरा निराळा आहे. पाटण तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वस्तीवरून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मुलांच्या अभ्यासासाठी घरात फायबरचे इंटरनेट घेतले. त्याच्याबरोबर फोनही मिळतो असे जोडणाऱ्या मुलाने सांगितले होते, पण आम्ही तो लावलाच नाही. घर दगडी, वर पत्रा. आत मोबाईलला रेंज येत नाही. सासूबाई दिवसभर मागच्या गोठ्यात असतात. मोबाईल त्यांना जमत नाही, बोट भलतीकडेच लागते. भिंती न फोडता आणि नवी वायर न ओढता गोठ्यात फोन नेता येईल का?"

येईल, ताई. आणि तुम्ही विचारले ते फार बरे केलेत. मी हा प्रश्न माझ्या घरी वेळेवर विचारला नव्हता.

आमच्या घरी फोन आला तो १९९७ साली. वडिलांनी अर्ज केला, बरीच वाट पाहिली, आणि एके दिवशी खांबावरून काळी तार येऊन माजघरात लाल फोन बसला. त्यावर आईने विणलेला रुमाल पडला. घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात मानाची जागा म्हणून फोन माजघरात. आणि आई दिवसाचे दहा तास मागच्या गोठ्यात! हा विचार त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

२००९ च्या श्रावणात, भर दुपारी, ती गोठ्याच्या ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. घरात कोणी नव्हते. वडील बाजाराला गेलेले, शेजारचे रानात. मी तालुक्याच्या गावी कचेरीत होतो आणि काही कामासाठी मी घरी फोन केला. कोणी उचलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा केला, मग तिसऱ्यांदा. शेजारी गेली असेल, असे म्हणून मी कामाला लागलो. अडीच तासांनी वडील आले तेव्हा ती सापडली.

दवाखान्यात मला म्हणाली, "तीनदा वाजला न्हवं? पहिल्यांदा लई वेळ वाजला, मग थोडा, मग परत लई वेळ. तूच असणार म्हणून मोजत पडले व्हते. वरडले बी. पर फोनला काय कान असत्यात?"

ती काठी घेऊन का होईना, चालायला लागली. पण ते तीन वेळचे वाजणे माझ्या कानातून गेलेले नाही. म्हणून आज पिकांची पत्रे बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

आता कामाचे बोलू.

घरात फोन कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहा. जुना फोन म्हणजे तांब्याच्या दोन तारांचा. त्या तारांमधून एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज घरापर्यंत येत असे, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालू. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली, तिने खेड्यांच्या धुळीत आणि उन्हात टिकेल असे १२८ जोडांचे छोटे एक्स्चेंज तयार केले आणि १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला ते पहिल्यांदा बसले. पुढे गावोगाव टेलिफोन पोचले त्यात या छोट्या एक्स्चेंजांचा वाटा मोठा. आता तांब्याच्या तारा मागे पडत चालल्या आहेत आणि त्यांच्या जागी फायबर, म्हणजे काचेचा केसासारखा तंतू येतो आहे. ग्रामपंचायतींपर्यंत हा तंतू न्यायची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. खाजगी कंपन्याही आपापले तंतू घेऊन आल्या आहेत.

काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. त्यामुळे भिंतीवरचा जो डबा आपण वायफायचा म्हणून ओळखतो, तोच त्या उजेडाचा आवाज करतो आणि फोनला लागणारी वीजही तोच देतो. या डब्याच्या मागे किंवा खाली पाहा. इंटरनेटच्या तीन-चार रुंद खाचा असतात आणि त्यांच्या शेजारी बहुधा एक अरुंद खाच असते, तिच्यावर फोनचे चित्र किंवा नाव असते. तीच आपली फोनची जागा. कित्येक घरांत तिच्यात आजतागायत पिन गेलेली नाही. कंपनीला कळवून नंबर चालू करून घ्या आणि साधा फोन तिच्यात लावा. चोंगा उचलल्यावर घर्रर्र असा सूर आला की निम्मे काम झाले.

पण हा फोनही माजघरातच वाजणार. तो मागे न्यायचा कसा? यासाठी मला दोन मार्ग पसंत आहेत.

पहिला मार्ग बिनतारी जोडसंचाचा, ज्याला बाजारात कॉर्डलेस म्हणतात. यात एक मुख्य बैठक असते. तिची पिन फोनच्या खाचेत जाते आणि दुसरी वायर विजेच्या प्लगात. तिच्याबरोबर दोन, तीन किंवा अधिक हातातले संच मिळतात. लोकांचा समज असा की प्रत्येक संचाला फोनची वायर लागते. तसे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या संचाला नुसती चार्जिंगची छोटी बैठक असते, तिला फक्त विजेचा प्लग पुरतो. फोन आला की सगळे संच एकदम वाजतात. जो जवळ असेल त्याने उचलावा. शिवाय स्वयंपाकघरातल्या संचावरून गोठ्यातल्या संचाला हाक मारता येते. ती हाक बाहेरच्या लाईनवर जातच नाही, म्हणून तिचे पैसे पडत नाहीत. घेताना मात्र दुकानदाराला विचारा, की पुढे आणखी संच जोडता येतील ना? सगळ्या बनावटींत ती सोय नसते.

खोक्यावर लिहिलेले असते की घरात पन्नास मीटर आणि उघड्यावर तीनशे मीटर. बियाण्याच्या पिशवीवरच्या उताऱ्याच्या आकड्यासारखेच हे समजा. तो आकडा खोटा नसतो, पण आपल्या रानातला नसतो. दोन हात जाडीची दगडमातीची भिंत, पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, भरलेल्या धान्याच्या कणग्या या सगळ्या लहरी अडवतात. आमच्या घरी माजघरात बैठक ठेवली तेव्हा कडब्याच्या गंजीपाशी आवाज तुटायचा. तीच बैठक स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत, डोक्याइतक्या उंचीवर ठेवली आणि गोठ्याच्या पार टोकापर्यंत बोलणे स्वच्छ येऊ लागले. तेव्हा खिळे ठोकण्याआधी असे करा. एकाने बैठकीजवळच्या संचावर एक, दोन, तीन मोजत राहावे, दुसऱ्याने संच कानाला लावून गोठा, परसू, विहीर, खळे असे चालत जावे. आवाज कुठे तुटतो ते ध्यानात ठेवावे, बैठकीची जागा बदलावी आणि पुन्हा चालावे. अर्धा तास जाईल, जाऊ द्या. बैठक वायफायच्या डब्याला अगदी चिकटून ठेवू नका, हातभर तरी लांब असू द्या. बैठकीपासून डब्यापर्यंतची फोनची वायर लांब मिळते, ती दाराच्या चौकटीच्या कडेने नेता येते.

संचातले सेल पुन्हा पुन्हा भरायचे असतात. ते दोन-तीन वर्षांत थकतात, मग आणताना तसेच भरायचे सेल आणा. टॉर्चमधले साधे सेल घालून बैठकीवर ठेवले तर ते फुगतात, फुटतात आणि संच खराब करतात. हा उद्योग आमच्या चिरंजीवांनी करून पाहिला आहे.

आणि चार्जिंगची बैठक गोठ्यात नको. तिथे ओल, धूळ, गोमूत्राची वाफ आणि घुशी. बैठक पडवीत ठेवा आणि संच कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवा. गोठ्यात खुंटीवर टांगून ठेवायची कल्पना पहिल्यांदा मलाही सुचली होती. पण पडलेल्या माणसाचा हात खुंटीपर्यंत पोचत नाही.

दुसरा मार्ग ज्यांच्या घरी जुन्या लँडलाईनचे वायरिंग अजून भिंतीत आहे त्यांच्यासाठी. पुष्कळांनी त्या काळी माजघर, माडी आणि स्वयंपाकघर अशी दोन-तीन ठिकाणी फोनची खाच काढून ठेवली होती. ती वायर आजही चांगली असेल तर उपयोगी पडते. फायबरच्या डब्यातून एक फोनवायर काढायची आणि जवळच्या जुन्या खाचेत घालायची, की घरातल्या सगळ्या जुन्या खाचा जिवंत होतात. नवी वायर नाही, भिंतीला छिद्र नाही.

पण थांबा. त्याआधी एक काम केलेच पाहिजे. खांबावरून आलेली जुनी तार वळचणीखाली एका छोट्या डबीत घरच्या वायरीला जोडलेली असते. तिथे तिची दोन्ही टोके सोडवा, वेगवेगळी टेप गुंडाळा आणि बाजूला वळवून ठेवा. ती तार अजून एक्स्चेंजला जोडलेली असेल तर तिकडची वीज आणि डब्याची वीज एकमेकींवर येतील आणि डबा जळेल. तार मेलेली असली तरी ती उघड्यावरून आलेली आहे; वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा तिच्यातून आलेला दणका थेट डब्यात जाईल. काम करताना डब्याचा विजेचा प्लग काढून ठेवा, कारण घंटी वाजते तेव्हा फोनच्या तारांत सत्तर-ऐंशी व्होल्टची वीज येते आणि ओल्या हाताला ती चांगलीच चावते. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा. त्यात कमीपणा नाही. तुमच्या जुन्या लाईनचे भाडे अजून चालू असेल तर ती तोडण्याआधी रीतसर बंद करून घ्या, आणि तिच्यावरचा नंबर सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे हेही लक्षात घ्या. तो नंबर फायबरवर घेता येतो का, हे त्या कार्यालयात विचारावे.

अशा वायरिंगवर किती फोन लावावेत? डब्याच्या अंगात घंटी वाजवायची ताकद बेताची असते. दोन-तीन फोनांच्या वर जाऊ नका. घंट्या मंद वाजू लागल्या किंवा वाजेनाशाच झाल्या तर एक फोन काढून पाहा. आजोबांचा तबकडीचा काळा फोन कोणाच्या माळ्यावर असेल तर लावून बघायला हरकत नाही. तो वाजेल, त्यावर बोलताही येईल. मात्र पुष्कळ डब्यांना तबकडीची भाषा कळत नाही, त्यामुळे त्यावरून नंबर फिरवता येईलच असे नाही. बटणांच्या जुन्या फोनला पोटाखाली टोन आणि पल्स असा खटका असतो, तो टोनवर करावा.

या वायरिंगचा फाटा काढून गोठ्यापर्यंत उघड्यावरून तार नेऊ का, असे कोणी विचारील. नेऊ नका. घुशी, वीज आणि बैलगाडी यांतले कोणीतरी तिला वर्षभरात गाठतेच. घरात जुने वायरिंग आणि घराबाहेर बिनतारी संच, अशी सांगड घातली तर उत्तम.

अमेरिकेत एके काळी विजेच्या वायरिंगमधूनच फोनचा आवाज नेणारी उपकरणे मिळत. एका खोलीत प्लगात एक डबी, दुसऱ्या खोलीत दुसरी. ऐकायला मोठे गोड वाटते. आपल्याकडे घर एका फेजवर, गोठ्यातली कडबाकुट्टी दुसऱ्यावर आणि मोटार सुरू झाली की दिवे डुलतात. अशा वायरिंगवर बोलणे लादायला मी तरी सांगणार नाही.

ज्यांचा गोठा किंवा वस्तीवरचे घर तीनशे-चारशे मीटरच्या पलीकडे आहे, त्यांनी बिनतारी संचावर पैसे घालू नयेत. त्यांच्यासाठी सिमकार्डावर चालणारा टेबलफोन मिळतो. दिसायला जुन्या फोनसारखा, बटणे ठसठशीत, चोंगा उचलायचा आणि ठेवायचा. म्हाताऱ्या माणसांना तो लगेच जमतो. आत बॅटरी असल्याने वीज गेल्यावरही काही तास चालतो. पण तो घेण्याआधी त्याच कंपनीचे सिम मोबाईलमध्ये घालून त्या जागेवर रेंज आहे का ते पाहा. कुठे एखाद्या खिडकीतच रेंज येत असेल तर फोन त्या खिडकीत ठेवा. मोठ्या आवाजाची घंटी बाहेर ऐकू जाते.

आणि ज्यांच्या खिशात मोबाईल आहे, पण घरात शिरले की तो मुका होतो, त्यांनी मोबाईलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग हा पर्याय शोधावा. तो चालू केला की टॉवर नसला तरी घरच्या वायफायवरून नेहमीच्याच नंबरवर फोन येतो आणि जातो. फोन जुना असेल तर सोय नसेल. आपल्या सिमकंपनीकडे विचारून घ्यावे. नातवाला सांगा, दोन मिनिटांत करून देईल.

आता सगळ्यात महत्त्वाचे. वीज.

तांब्याच्या फोनला घरची वीज लागत नव्हती, म्हणून आपण या बाबतीत निर्धास्त होतो. फायबरचा डबा मात्र वीज गेली की झोपतो आणि त्याच्याबरोबर फोनही. वादळात, रात्री-अपरात्री, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळीच वीज जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. यासाठी वायफायच्या डब्याला लावायची छोटी बॅटरीपेटी मिळते. डबा बहुधा १२ व्होल्टचा असतो. डब्यावरचा आणि पेटीवरचा आकडा जुळवूनच घ्या. ती तीन-चार तास काढते. पण बिनतारी बैठकीचे व्होल्ट निराळे, बहुतेक वेळा कमी असतात. तिला ही १२ व्होल्टची पेटी लावली तर धूर निघेल. घरात इन्व्हर्टर असेल तर बैठक त्याच्या प्लगावर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर डब्यापाशी हजाराच्या आत मिळणारा साधा तारेचा फोन कायम लावून ठेवा; त्याला वेगळी वीज लागत नाही, डबा जागा असला की तो जागा. एका खाचेतून दोन फोन काढणारी छोटी पिन मिळते. तिच्या एका तोंडाला साधा फोन आणि दुसऱ्याला बिनतारी बैठक लावावी.

सगळे बसवून झाले की एखाद्या रविवारी दुपारी घराचा मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्याच्या मोबाईलवरून आपल्या घरी फोन लावा. काय वाजते, काय वाजत नाही, कुठून ऐकू येते, सगळे स्वतः पाहा. मग मेन तसाच बंद ठेवून तासाभराने पुन्हा करा. आमच्याकडे पहिल्या परीक्षेत फोन नापास झाला होता. बॅटरीपेटीची वायर डब्यात नीट बसलीच नव्हती.

फोनशेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नंबर लिहून लावा. कोणत्याही संकटाला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याला १९६२, शिवाय दोन शेजाऱ्यांचे. त्याच पुठ्ठ्यावर आपल्या वस्तीचा पत्ताही लिहा: गाव, वस्ती, कोणत्या फाट्यावरून आत यायचे, खूण कोणती. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा रस्ता सांगता येत नाही, हे मी पाहिले आहे. बिनतारी संचावर शेजाऱ्याचा नंबर एकाच बटणावर बसवून त्या बटणावर लाल रंगाचा ठिपका द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून तो ठिपका दोन-चार वेळा दाबून घ्या. नुसते दाखवून भागत नाही.

पत्र लिहिणाऱ्या ताईंनी आधी डब्यामागची ती अरुंद खाच पाहावी, आणि खाच सापडली की कंपनीकडून नंबर चालू करून घ्यावा. संच घेतल्यावर सासूबाईंनाच हातात देऊन गोठ्यापर्यंत चालायला लावावे. काही अडले तर पुन्हा लिहावे. पत्रात घरापासून गोठ्यापर्यंतची पावले आणि मधल्या भिंती किती ते कळवावे.

आमची आई आता शहाऐंशीची आहे. जनावरे दोनच उरली आहेत, पण ती गोठ्यात जायचे सोडत नाही. गळ्यातल्या पिशवीत संच असतो. सुरुवातीला म्हणायची, गुरांसारखी घंटी कशाला बांधता? आता सकाळी नऊ वाजले की स्वयंपाकघरातला संच वाजतो आणि सूनबाईंना विचारणा होते, "चहा टाकलास का गं? का मीच यिऊ?"